भाचीचं बारसं: देवगडजवळच्या वाडीत, भर आषाढात

रातांबा
मंडळी, मंगळवारी पहाटे मला भाची झाली. कणकवलीला एका खासगी दवाखान्यात, सिझर करावं लागलं, पण मायलेकी दोघी छान आहेत. वहिनीचं माहेर देवगडहून कुणकेश्वरला जाताना लागणाऱ्या एका वाडीत आहे आणि बारसं तिथेच करायचं ठरतंय. जन्माचा दिवस धरून बारावा दिवस पुढच्या शनिवारी येतो. दादा कोल्हापूरला असतो, तो फोंडा घाटातून येईल. आम्ही ठाण्याहून कोकण रेल्वेने. मी एकटीच आत्या, म्हणून दोन्ही घरचे मलाच सगळं विचारताहेत आणि मला मनापासून नीट करायचंय.

अडचणी सांगते. एक तर पाऊस. घर जुनं, कौलारू, ओटी-पडवी मोठी आहे पण खळ्यात मांडव टिकेल का? दुसरं, टाके ताजे असताना वहिनीला किती वेळ बसवायचं? बारसं पुढे ढकलावं असं माझ्या सासूबाई म्हणतात. कानात नाव सांगायचं ते नेमकं कसं, हेही मला लहानपणी पाहिलेलं तेवढंच आठवतंय.

पण खरं मन अडकलंय ते वेगळ्याच गोष्टीत. वहिनीचे वडील ती शाळेत असताना गेले. आईने आंब्याच्या बागा राखून, खळ्यात साटं वाळवून, लोकांच्या पापडाचं पीठ मळून तिला नर्सिंगपर्यंत शिकवलं. आता बाळंतपणही त्याच करताहेत. काल फोनवर त्या म्हणाल्या, "शेजारच्या काकींना सांगून ठेवलंय, बाळाला पाळण्यात त्याच घालतील. मी आत जेवणाचं बघते." वहिनीला हे मुळीच नकोय. ती रडली. मी काय करावं?

खाडीकाठची
अभिनंदन गं! मुलगी, तीही आषाढात. घरात पाऊस आणि लेक एकदमच आली.

तारखेचं आधी सांगते. सोयर दहा दिवसांचं, म्हणून बाराव्या दिवशी बारसं. काही घरांत मुलीचं बाराव्या आणि मुलाचं तेराव्या दिवशी करतात. ठरल्या दिवशी केलं तर वेगळा मुहूर्त बघत नाहीत, चातुर्मासाचाही अडसर नाही. पुढे ढकललं की मग पंचांग उघडा, भटजींची सवड बघा, हे सुरू होतं. त्यामुळे माझं मत शनिवारच. मात्र शनिवारी फक्त बारसं करा, समारंभ नको. घरची माणसं, वाडीतल्या बायका, पाळणा, घुगऱ्या, ओटी. गावजेवण दिवाळीनंतर घाला. पाऊस गेलेला असतो, भातकापणी उरकलेली असते, बाळ मान धरायला लागलेलं असतं आणि वहिनीलाही त्या जेवणाची चव कळेल.

त्याआधी सटी विसरू नका. सहावी रात्र रविवारी येते. पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवायचं, सटवाई बाळाचं नशीब लिहून जाते म्हणतात. बायका रात्रभर जागतात ती प्रथा तुम्ही सोडा. बाळंतिणीला झोप हवी.

तांबडी_माती
दिवाळीनंतर कशाला, गणपतीत करा ना. मुंबई-पुण्याचे सगळे चाकरमानी गावीच असतात. वेगळी रजा नको, वेगळी तिकिटं नकोत.

खाडीकाठची
गणपतीत प्रत्येकाच्या घरी स्वतःचा गणपती असतो. आरत्या, भजनं, नैवेद्य, गौरी. कुणाच्या घरची बाई दुपारभर मोकळी असते त्या दिवसांत? आणि गर्दीच्या गाडीतून सर्दी-ताप घेऊन आलेली शंभर माणसं दोन महिन्यांच्या बाळाभोवती नकोत. मी दिवाळीनंतरवर ठाम आहे.

पांढरा_कोट
मी रत्नागिरी जिल्ह्यात प्रसूती विभागात काम करते. आमच्याकडे बारशानंतर दोन-चार दिवसांनी बाळं परत येतात ती का येतात, हे बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वहिनीला पाटावर मांडी घालून बसवू नका. सिझरनंतर खाली बसणं-उठणं टाक्यांवर येतं. पाठ असलेली, हात असलेली खुर्ची द्या, पाय टेकायला पाट द्या. ओटी खुर्चीतच भरा, देवाला चालतं. पाया पडायला वाकवू नका, आलेल्या प्रत्येकीने आधीच "राहू दे गं" म्हणावं. आतली एक खोली दिवसभर तिच्यासाठी रिकामी हवी, कडी लावता येईल अशी. बाळ दोन-तीन तासांनी पितं. पाहुणे खोळंबले म्हणून ते पिणं पुढे ढकलायचं नाही.

बाळाच्या तोंडात आईच्या दुधाशिवाय काहीही जाऊ देऊ नका, सहा महिने. सोनं उगाळून मध चाटवायला कुणीतरी हमखास पुढे होतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. त्यातल्या जंतूंच्या बिजाणूंमुळे बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. घुटी नको, साखरपाणी नको. डोळ्यांत काजळ नको, फार तर तळपायाला तीट लावा. गळ्यात काळ्या मण्यांचा दोरा घालून झोपवू नका. वाळे-मनगट्या फोटोपुरत्या घाला आणि काढा.

पावसात ओल येते म्हणून शेगडी पेटवून दारं-खिडक्या लावतात. ते फार धोक्याचं आहे. कोळशाचा धूर बंद खोलीत साठला तर माणूस झोपेतच गुदमरतो, बाळ तर लगेच. ऊद-लोबानाची धुरीसुद्धा नवजात फुप्फुसांना सोसत नाही. मच्छरदाणी मात्र दिवसाही लावा.

गालाचे मुके घेऊ देऊ नका. वाईट वाटलं तर वाटू दे, हे आत्याने सांगायचं, आईवर टाकायचं नाही. आणि बाळाचं अंग तापलेलं वाटलं, ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा वर असला, किंवा बाळ प्यायचं थांबलं, तर त्याच क्षणी दवाखाना. बारसं अर्ध्यावर सोडून.

आशाताई घरी येत असतील. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेटतात. वजनाची नोंद त्यांच्याकडून करून घ्या. बारशालाही बोलवा त्यांना, मानाने.

रातांबा
हे सगळं मी दादाला जसंच्या तसं पाठवलं. खुर्चीचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढे न ढकलता शनिवारी छोटं करायचं, हे सासूबाईंनाही पटलंय. आजींबद्दल कुणी सांगा ना.

म्हातारो_फणस
बाये, माजा वय झाला, म्हणान सरळ सांगतंय. जिणा लेकीक एकट्यान वाढवल्यान, आता नातीची न्हाणी-धुणी करता, तिकाच मागे बसवची? शेजारीण पाळण्यात घालतली आणि आजी चुलीकडे बसतली? ह्या देवाक मान्य होवचा नाय. आमच्या घरात माज्या आवशीन माज्या तीनय पोरांका पाळण्यात घातल्यान. बापूस तेव्हा नव्हतो. पोरां आज आपापल्या पायावर उभी असत. कुणकेश्वराक नारळ ठेवा, घरातल्या मोठ्या माणसान गाऱ्हाणा घालूचा, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक सुखाक ठेव" म्हणान. आणि तुमच्यात मोठा माणूस म्हणजे तीच आजी. व्हय म्हाराजा!

पडवी
आजोबांचं म्हणणं वाचून बरं वाटलं. कायद्या-ठरावांच्या बाजूनेही सांगते, कारण गावात कुणी "असं चालत नाही" म्हणालं तर हाताशी असावं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ ला विधवांच्या बाबतीतल्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं, सगळं. त्यानंतर १७ मे २०२२ ला राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनी हाच कित्ता गिरवावा असं सांगितलं. म्हणजे ही तुमच्या एका घराची लहर नाही. तुमच्या भाचीच्या बारशात आजी पुढे असली तर वाडीतल्या आणखी चार बायकांचा रस्ता मोकळा होईल. मी तर म्हणेन, पहिलं हळदीकुंकू आजींनाच लावा, सगळ्यांसमोर.

खाडीकाठची
पडवी, तुझी तळमळ कळते, पण शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे. सगळ्यांसमोर का? इतकी वर्षं ज्या बाईने स्वतःला मागे ठेवून घेतलंय, तिला चारचौघांत एकदम कुंकू लावलं तर ती आनंदेल असं आपण धरून चालतो. माझ्या मावशीच्या बाबतीत एका लग्नात असं झालं. लावणारीचा हेतू स्वच्छ होता. मावशी मात्र लगेच आत गेली ती बाहेर आलीच नाही. नंतर म्हणाली, "मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. विचारलं नाही, त्याचं वाईट वाटलं."

रातांबा, आधी एकटीने बोल त्यांच्याशी. वहिनीसमोर नको, दादासमोर नको. त्यांना नेमकी कशाची भीती आहे ते काढून घे. बऱ्याचदा स्वतःसाठी नसते ती. आपल्या हातामुळे बाळाचं काही वाईट झालं असं उद्या कुणी म्हणेल, ही असते. तसं असेल तर तुम्ही, सासरच्यांनी, स्वतः जाऊन "आमचं बाळ तुमच्याच हातून पाळण्यात जायला हवं" म्हणायला हवं. माहेरच्या बाईला हा शब्द सासरकडून आला की त्याचं वजन वेगळं असतं. तुझी आई फोन करू शकेल?

पडवी
बरोबर आहे तुझं. विचारूनच करायला हवं. माझं वाक्य मागे घेते.

वेंगुर्ल्याचा_वारा
मी ख्रिस्ती, आमच्यात बारशाऐवजी बाप्तिस्मा. वाचता वाचता लिहावंसं वाटलं. आमच्याकडे बाळाला वेदीजवळ नेताना धर्ममाता आणि धर्मपिता सोबत उभे असतात. त्यांच्यासाठी चर्चचा नियम आहे, साधारण सोळा वर्षं पूर्ण असावीत, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) झालेलं असावं, श्रद्धेने जगणारं माणूस असावं, बाळाचे आईवडील स्वतः नसावेत. नवरा हयात आहे का, हे विचारत नाहीत. माझी धर्ममाता विधवाच होती. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली माझी छोटी मेणबत्ती तिनेच धरली होती. पुढे माझ्या परीक्षा, नोकरी, लग्न, सगळीकडे तीच धावून आली. बाळासाठी कुणाचा हात हवा असेल तर अशाच बाईचा हवा. आजींना माझा नमस्कार सांगा.

तांबडी_माती
कागदपत्रांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. नाव ठरवताना घाई करा किंवा करू नका, पण शुद्धलेखन आधी पक्कं करा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, पासपोर्ट अशा सगळ्या ठिकाणी जन्मतारखेचा पुरावा म्हणजे जन्मदाखलाच. तेव्हा मराठी आणि इंग्रजी, दोन्हीतलं नाव कागदावर लिहून दोघा आईबापांनी बघावं.

जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते. वाडीच्या ग्रामपंचायतीत नाही. तुमची कणकवली नगरपंचायतीत होईल. १९६९ च्या कायद्याप्रमाणे २१ दिवसांत जन्माची खबर जायला हवी, ती दवाखाना देतो, पण गेली का हे दादाने विचारावं. बाळाचं नाव तेव्हा ठरलेलं नसलं तरी नोंद अडत नाही. नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, नंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणून बारशाच्या दुसऱ्या दिवशी धावाधाव नको.

आणि हो, १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं नाव महाराष्ट्रात शासकीय कागदांवर असं लिहितात: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. तांदळात अंगठीने नाव लिहाल तेव्हाही असंच लिहा की. छान दिसेल.

कातळसडा
पावसाचं मी सांगतो, मंडपाचं कामच करतो. आषाढात देवगडच्या किनारपट्टीला खळ्यात मांडव नको. ताडपत्रीत वारा भरला की बांबू उपटून नेतो, आणि ताडपत्रीवर साठलेलं पाणी एकदम कोसळलं तर खाली माणसं असतात. ओटी-पडवी मोठी आहे म्हणता, मग तेवढ्याच माणसांना बोलवा. पडवीच्या उघड्या बाजूला माडाची झापं किंवा जाड पडदा बांधून घ्या, पागोळ्यांचं पाणी आत उडणार नाही. जेवणाच्या पंगती तीन-चार कराव्या लागतील, लागू देत.

पाळणा जुना असेल तर तुळईतली कडी, साखळ्या, आकडे तपासा. खाऱ्या हवेने लोखंड आतून खाल्लेलं असतं, वरून रंग दिसतो. धान्याची गोणी घालून आदल्या दिवशी झुलवून बघा. नवीन घ्यायचा असेल तर सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी, रंगीत लाखकामाची खेळणी मिळतात, पाळण्यावर टांगायला चिमणाळं तिथूनच आणा. माझ्या मुलीचं होतं, अजून रंग गेलेला नाही.

पायऱ्यांवर चिऱ्याला शेवाळ धरतं. आधी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासा. बाळ हातात घेऊन कुणी घसरणं ही एकच गोष्ट मला बारशात भयंकर वाटते. लाईट जाणारच असं धरून बॅटरीचे दिवे चार्ज करून ठेवा. दादाने फोंडा घाट शुक्रवारी उजेडात उतरावा, धुकं आणि दरडी दोन्ही असतात. रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात. तुम्ही गुरुवारी निघा.

रातांबा
काल आईने फोन केला आजींना. मग रात्री मी केला. खाडीकाठची, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. "पोरीला काही झालं तर लोक माझंच नाव घेतील," असं म्हणाल्या. आईने त्यांना सांगितलं की नाव घेणाऱ्याला आम्ही उत्तर देऊ, बाळ आमचंही आहे. बराच वेळ बोलल्या दोघी. शेवटी आजी म्हणाल्या, "बाळ मी घेईन. पाळण्यात मीच ठेवीन. कुंकवाचं मात्र मला कुणी म्हणू नका, ते माझं मी बघेन." वहिनीला थोडं अपुरं वाटलं, पण तिनेही मानलं. म्हातारो फणस, तुमचं लिहिणं मी आजींना वाचून दाखवलं. गाऱ्हाणं त्याच घालणार आहेत.

आता कानात नाव सांगायचं शिकवा मला.

खाडीकाठची
आजींनी जेवढं दिलंय तेवढं भरपूर आहे. कुणी आणखी मागू नका.

आता ऐक. पाळणा फुलांनी सजवा, आषाढात सोनचाफा आणि अनंत मिळेल, पण फुलं बाळाच्या तोंडाजवळ लोंबकळू देऊ नका. आधी वरवंट्याला झबलं-टोपडं घालून पाळण्यात ठेवतात, बाळ दगडासारखं दणकट व्हावं म्हणून. मग एक बाई पाळण्याच्या या बाजूला, एक त्या बाजूला. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत वरवंटा पाळण्याच्या वरून देतात आणि खालून घेतात. पूर्वी बाळालाच असं फिरवायचे. तुम्ही ते वरवंट्यावरच थांबवा आणि बाळाला सरळ आजींच्या हातून पाळण्यात ठेवा.

नावं चार असतात. कुलदेवतेवरून, महिन्यावरून, नक्षत्रावरून आणि हाक मारायचं. नक्षत्राचं नाव चरणाच्या अक्षरावरून निघतं. रोहिणी असेल तर ओ, वा, वी, वू. ते पत्रिकेपुरतं, शाळेत तेच घालायला हवं असं काही नाही. तू पाळण्यावर वाकून बाळाच्या कानाशी हाताचा आडोसा धर, आधी देवाचं नाव, मग बाकीची, शेवटी हाक मारायचं. अगदी हळू. कान नाजूक असतो, कुर्रर्र मोठ्याने करायचं असतं ते तोंड बाजूला घेऊन. त्याच वेळी मागून बायका तुझ्या पाठीत धपाटे घालतील, तयारीत राहा! मग पाळणे म्हणायचे. एकेका दिवसाचं कौतुक करत बाराव्या दिवसापर्यंत येणारा पाळणा तुमच्या वाडीत कुणातरी आजीला पाठ असणार. मोबाईलवर लावू नका, त्यांना म्हणू दे. आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

कुंची आत्याची. सुती घे, जरीची टोचते.

रातांबा
कुंची मी स्वतः शिवतेय, मऊ जुन्या लुगड्याचं अस्तर लावून. जेवणाचं काय करू? साधारण चाळीस बायका घुगऱ्यांना आणि घरची वीस-पंचवीस माणसं जेवायला.

पडवी
आषाढातलं जे मिळतं तेच करा, उत्तम होतं. काळ्या वाटाण्याचं सांबार, आंबोळ्या, टाकळ्याची भाजी, फणसाच्या आठळ्या घालून अळू, वरण-भात, सोलकढी. गोडाला हळदीच्या पानांतले पातोळे, पानं आता कोवळी असतात. शिरवाळे सुंदर लागतात, पण सोऱ्यावर बसायला दोन दणकट माणसं लागतात आणि सगळे कामात असताना ते नको. दुसऱ्या दिवशी वशाट (मांसाहार) करायचं कुणाच्या मनात असेल तर ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना समुद्रात बंदी असते, ताज्या मासळीवर बेत आखू नका. वहिनीसाठी वेगळं काढा: कमी तिखट, तूप-भात, अळिवाची खीर. सगळ्यांच्या आधी, तिच्या खोलीत, गरम.

म्हातारो_फणस
सोलकढी आजयेक करूक सांगू नुको. त्या दिवशी तिणा चुलीकडे जावचाच नाय.

रातांबा
अगदी. आचारी शेजारच्या वाडीतून बोलावलाय, आजींना तसं सांगूनही टाकलंय. घुगऱ्यांना हरभरे किती लागतील?

पडवी
दोन किलो सुके घे, भिजून दुप्पट भरतात. शुक्रवारी दुपारीच भिजत घाल, पावसाळी गारठ्यात वेळ लागतो. शनिवारी सकाळी हळद-मीठ घालून उकड, पाणी पूर्ण निथळू दे. ओलं खोबरं आधी मिसळून ठेवू नको, दमट हवेत दोन-तीन तासांत आंबतं. ओटीत घालायच्या वेळी, परातीत थोडं थोडं.